कोठींत बिऱ्हाड : एका आराखड्याचें परीक्षण

पवनी तालुक्यांतील एका जुन्या मालगुजार घराण्याची धानाची कोठी राहण्याच्या उपयोगास आणावी, असें त्या घराण्याच्या आजच्या धन्यांनीं योजिलें आहे. त्यासाठीं शहरांतील एका वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनीं नकाशे काढविले असून सोबत बत्तीस पानांची एक सचित्र पुस्तिकाही करवून घेतली आहे. धनी आमचे माजी विद्यार्थी. नोकरीनिमित्त पुण्यास असतात. ‘गुरुजी, एकदां नजर घाला, आणि इतिहासाच्या दृष्टीनें कांहीं चुकलें असेल तें निःसंकोच सांगा,’ असें लिहून त्यांनीं ही पुस्तिका आमच्याकडे धाडली. नजर घातली ती लांबली आणि मत पत्रांत मावेना. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों. घराण्याचें व गांवाचें नांव त्यांच्या इच्छेवरून गाळलें आहे. इमारतीविषयीं जें लिहिलें आहे तें मात्र आम्हीं स्वतः दोरी व पट्टी घेऊन तीन दिवस पाहिलेलें आहे.

इमारत पूर्व-पश्चिम लांब असून बाहेरून मोजतां तिची लांबी 82 फूट व रुंदी 34 फूट भरते. जोतें माणसाच्या कमरेइतकें उंच. भिंती पक्क्या विटांच्या. खालीं अडीच फूट व माडीवर दीड फूट जाडीच्या. आंत विटांच्या चौकोनी खांबांच्या दोन ओळी आहेत व त्यांवर सागाच्या तुळया टाकून फळ्यांची माडी केली आहे. खालीं दार एकच. माडीवर पूर्वेकडील त्रिकोणी भिंतींत दुसरें एक दार आहे, पण त्यास बाहेरून जिना नाहीं, पायऱ्या नाहींत. दाराच्या डोक्यावर भिंतीबाहेर आलेली एक जाड तुळई व तींत लोखंडी कडी तेवढी आहे. नवख्या माणसास हें दार म्हणजे गवंड्याची चूक वाटावी. कडीला कप्पी लावून गाडींतील पोतीं येथून वर ओढून घेत. माडीच्या फळ्यांत प्रत्येक दोन खांबांच्या मध्यें झांकण असलेलें चौकोनी तोंड ठेविलें आहे. त्यांतून धान खालच्या खणांत ओतावयाचें, आणि काढावयाचें तें खणाच्या तळाशीं असलेल्या लहान झडपेंतून. धान भरावयाचें वरून व न्यावयाचें खालून, म्हणजे जुनें धान आपोआप आधीं निघे. ज्या कोणा अनाम सुतारानें ही योजना केली त्याच्या बुद्धीचें आम्हांस कौतुक वाटतें. जिल्ह्यांतील मंदिरें, किल्ले व सनदा यांच्या याद्या आपण संशोधकांनीं पुष्कळ केल्या. पण धानाच्या या जिल्ह्यांत एकाही कोठीचें असें मोजमाप आजवर आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. हा दोष प्रथम आमच्याकडे घेतो.

आतां पुस्तिकेकडे वळूं.

पहिल्याच पानावर ‘भंडारा म्हणजे भांडार; कोठारांच्या या नगरीचें नांवच कोठारावरून पडलें’ असें मोठ्या अक्षरांत छापलें आहे. ही व्युत्पत्ति गोड आहे, आणि शाळेंत मुलांस आम्हीही एके काळीं ती सांगितली असेल. परंतु रतनपूर येथील कलचुरि राजा जाजल्लदेव याच्या इ. स. 1114 च्या शिलालेखांत त्यास करभार देणाऱ्या मंडलांच्या यादींत लांजिका, वैरागर यांच्या जोडीनें ‘भाणार’ असें नांव आलें आहे. लांजिका म्हणजे लांजी, वैरागर म्हणजे वैरागड. त्यांच्या शेजारचें भाणार तें आपलें भंडारा, हें अभ्यासकांनीं पूर्वींच दाखविलें आहे. नऊशें वर्षांपूर्वीं जें भाणार होतें त्यास भांडाराची व्युत्पत्ति लावण्यास अन्य पुरावा हवा; केवळ कानास बरें वाटतें एवढा पुरावा पुरत नाहीं.

दुसरें विधान कोठी ‘भोसलेकालीन’ असल्याचें. येथें इमारतच साक्ष देते. छपराच्या कैच्यांखालीं, जेथें सागाची लांबी कमी पडली तेथें, चार ठिकाणीं आगगाडीचे रूळ तुळईसारखे वापरले आहेत. ते मागाहून घातलेले नाहींत. त्यांच्या टोकांभोंवतीं विटांचे थर मूळच्याच चुन्यांत बसविलेले आहेत. नागपुराहून राजनांदगांवाकडे जाणारा मीटर मापाचा लोहमार्ग 1880 ते 1882 या काळांत झाला, आणि 1887 मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो ताब्यांत घेऊन पुढें रुंद केला. प्रस्तुत रूळ वजनानें हलके आहेत. मार्ग रुंद होतांना निघालेला हलका माल लिलावांत गेला असेल व त्यांतील कांहीं येथें आला असेल असा आमचा तर्क आहे. तर्क सोडून दिला तरी रुळांवर उभें असलेलें छप्पर 1853 मध्यें वारलेल्या तिसऱ्या रघूजींच्या राज्यांतलें असूं शकत नाहीं. कोठीचें वय सव्वाशें-एकशें तीस वर्षांचें धरावें. त्यानें तिची योग्यता तिळभर उणी होत नाहीं. इमारत भोसल्यांची नसली तर ती जपण्याजोगी नाहीं, असा जो एक समज आपल्याकडे रूढ आहे त्याचा बंदोबस्त केव्हां तरी केला पाहिजे.

या दोन चुका किरकोळ आहेत, दुरुस्त करतां येतील. पुस्तिकेचा मुख्य मुद्दा निराळा आहे. तिच्या मतें कोठारांत मनुष्यानें राहणें ही कल्पना सर्वस्वीं नवी व पाश्चात्त्य असून तिला ‘लॉफ्ट’ असें नांव आहे. आणि उंच छत, उघड्या विटा, भिंती न घालतां ठेविलेली एकसंध विस्तीर्ण जागा, म्हणजेच ‘मोकळेपणा’, हा कोठाराचा आत्मा होय.

या शब्दाची आपल्या घरीं झालेली गति मौजेची आहे. मूळ उत्तरेकडील समुद्रकांठच्या लोकांच्या भाषेंत त्याचा अर्थ हवा, आणि पुढें वरची खोली. आपल्या शहरी घरांत स्वयंपाकघराच्या दारावर जुन्या पेट्या व गणपतीची आरास ठेवावयाचा जो पोटमाळा त्यास ‘लॉफ्ट’ म्हणतात. एकाच शब्दानें एक जण अडगळीची जागा सांगतो व दुसरा कोट्यवधि रुपयांची सदनिका. पुस्तिकेंतील हा शब्द वाचून घरच्या मोलकरणीनें ‘एवढा मोठा लॉफ्ट कशाला, सामान किती ठेवणार?’ असें विचारल्याचें धन्यांनीं आम्हांस हंसत सांगितलें. बाईचा प्रश्न पुस्तिकेहून अधिक शास्त्रशुद्ध होता, हें पुढें दिसेल.

कोठारांत राहणें नवें आहे काय? आपला ‘वखार’ शब्दच पाहावा. प्राकृतांत तो ‘वक्खार’ असा येतो. जैनांच्या जंबुद्वीपप्रज्ञप्तीचीं प्रकरणें याच नांवानें ओळखलीं जातात, म्हणजे विषय सांठविण्याचीं तीं जणूं दालनेंच. आणि हेमचंद्राच्या देशीनाममालेंत ‘वक्खारय’ या शब्दाचा अर्थ रतिगृह व अंतःपुर असा दिला आहे. माल ठेवण्याची खोली व निजण्याची खोली यांना एका कुळींतले शब्द मिळाले, तेव्हां आपल्या पूर्वजांच्या मनांत या दोहोंमध्यें आज वाटते तेवढी दुर्लंघ्य भिंत नव्हती.

शब्द राहूं द्या, प्रत्यक्ष वखारी घ्या. सुरतेची इंग्रजांची वखार ही आजच्या अर्थानें गुदाम नव्हती. खालीं माल, वर वखारवाल्यांच्या खोल्या, एक सामाईक भोजनगृह, रात्रीं बंद होणारा एक दरवाजा. 1664 मध्यें शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली तेव्हां ऑक्झिंडेननें जी वखार लढविली ती त्याचें राहतें घर होती. राजापूरच्या वखारींतील रेव्हिंग्टन व त्याचे सोबती यांनीं 1660 मध्यें पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास तोफा-दारूगोळ्याचें साहाय्य केलें. पुढच्या वर्षीं महाराजांनीं राजापूर मारलें तेव्हां ही मंडळी कैद झाली. वेंगुर्ल्याची डचांची वखार आज पडक्या अवस्थेंत कां होईना उभी आहे. बुरुजांनीं राखलेल्या एकाच आवारांत तेथें माल होता आणि माणसेंही होतीं. तेव्हां वखारींत बिऱ्हाड करणें ही पश्चिमेची नवी देणगी नव्हे. सतराव्या शतकांतील आपल्या किनाऱ्यावर तो नित्याचा प्रकार होता, आणि आमच्या विद्यार्थ्यास आपल्या कोठींत राहावेंसें वाटलें तर त्यांत इतिहासाचा कांहीं अपराध होतो असें आम्ही मानीत नाहीं. एवढ्यापुरते आम्ही वास्तुशिल्पज्ञांच्या बाजूचे आहों.

पश्चिमेकडेही या प्रकाराचा आरंभ पुस्तिकेंत सुचविल्याप्रमाणें ऐश्वर्यांतून झालेला नाहीं. न्यूयॉर्क शहराच्या सोहो भागांतील रिकाम्या पडलेल्या कारखान्यांत व गोदामांत चित्रकार-शिल्पकार प्रथम राहूं लागले ते भाडें स्वस्त व जागा मोठी म्हणून. तें राहणें बहुधा बेकायदा असे. 1971 मध्यें तेथील नियम बदलून कलावंतांपुरती त्यास मान्यता मिळाली, व 1982 मध्यें अशा भाडेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. गरजेनें स्वीकारलेली जागा पुढें श्रीमंतीची खूण झाली, आणि ज्यांनीं ती राहण्याजोगी केली त्यांतील पुष्कळांना ती परवडेनाशी झाली.

लंडन येथील उदाहरण आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. चिरंजीवांकडे गेलों असतां त्यांच्या एका मित्राच्या घरीं जेवावयास बोलावणें झालें. मित्र मराठी, घर टेम्सच्या दक्षिण तीरावर, बटलर्स व्हार्फच्या मागच्या बाजूस शॅड टेम्स नांवाच्या अरुंद गल्लींत. हा व्हार्फ 1871 ते 1873 मध्यें बांधला गेला. तेथें जहाजांतून चहा, मसाले, धान्य उतरत असे. 1972 मध्यें तो बंद पडला. 1980 नंतरच्या दशकांत त्याचीं घरें, दुकानें, उपाहारगृहें झालीं. नदीच्या उत्तरेस वॉपिंग येथील ऑलिव्हर्स व्हार्फचें तर त्यापूर्वींच, 1972 मध्यें, सदनिकांत रूपांतर झालें होतें. गल्लीच्या डोक्यावरून इमारतींस जोडणारे लोखंडी पूल गेलेले आहेत. एके काळीं त्यांवरून माल इकडून तिकडे नेत. आतां त्यांवर फुलझाडांच्या कुंड्या व खुर्च्या आहेत.

घर प्रशस्त होतें. यजमानांनीं मोठ्या आदरानें सर्व दाखविलें: ओतीव लोखंडाचे खांब, कमानींच्या खिडक्या, हातानें चाचपून पाहाव्या अशा विटा. जेवणांत वरण-भात, अळूची भाजी. आणि बाहेर तीं लोखंडी पुलांचीं जाळीं. खोटें कशाला सांगावें, आम्हांस तें घर आवडलें. भोंवतालच्या इमारतींचीं नांवें वाचलीं: सिनॅमन व्हार्फ, म्हणजे दालचिनीचा धक्का, क्लोव्ह बिल्डिंग, म्हणजे लवंग, कार्डामम, वेलची, टॅमरिंड, चिंच. मसाल्याचा डबाच उघडल्यासारखें वाटलें. आम्हीं यजमानांस विचारलें, ‘या खोलींत काय ठेवीत असत?’ त्यांस ठाऊक नव्हतें. कोण ठेवीत, कोण उचलीत, तो माल कोणत्या बंदरांतून येई, याची खूण त्या सबंध घरांत एकही उरलेली नव्हती. विटा इतक्या स्वच्छ घासलेल्या होत्या कीं कालच भट्टींतून आल्यासारख्या दिसत. लवंगेचें नांव दारावर. पण ती लवंग मोजणाऱ्याचें बोट जेथें लागलें असेल ती भिंत पुसलेली. परत येतांना चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, निदान इमारत तरी वांचली.’ खरें आहे. मुंबईस 1991 च्या विकास नियमावलींतील 58 व्या नियमाप्रमाणें गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वांटा नगरपालिकेस व घरांसाठीं मिळावयाचा होता. 2001 च्या दुरुस्तीनें तो फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि 2006 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम ठेविली. तेथें कित्येक गिरण्यांच्या जागीं आज मनोरे आहेत आणि कोठें कोठें नुसती चिमणी. त्या मानानें टेम्सकांठचे लोक शहाणे. पण यजमानांस विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें नाहीं तें नाहींच.

हा प्रश्न मनांत असतांनाच प्रस्तुत पुस्तिका हातीं आली, व ‘मोकळेपणा हा कोठाराचा आत्मा’ हें वाक्य वाचून आम्ही थांबलों.

कौटिल्यानें सन्निधात्याच्या कामांत कोष्ठागार व पण्यगृह कसें बांधावें हें सांगितलें आहे. भाजलेल्या विटांचे खांब, चार शाला, दार एकच, आणि आंत अनेक खण व मजले. आमची पवनीकडील कोठी पाहून त्यानें मान डोलाविली असती: विटांचे खांब आहेत, दार एक आहे, मजले आहेत. मोकळेपणा मात्र त्याच्या वर्णनांत कोठेंही नाहीं. उलट कोष्ठागाराध्यक्षास त्यानें कोणता जिन्नस कोठें ठेवावा हें बजाविलें आहे: धान्य उंचावर, गूळ गवताच्या घट्ट वेष्टनांत, तेलतूप मातीच्या व लांकडाच्या पात्रांत, मीठ जमिनीवर. शिवाय आलेल्यापैकीं अर्धा सांठा जानपदांवरील आपत्तीसाठीं राखून ठेवावा व अर्धा वापरावा, आणि नवा आला कीं जुन्याच्या जागीं घालावा, असेंही तो सांगतो. गोरखपूर जिल्ह्यांतील सोहगौरा येथें मिळालेल्या ताम्रपटांत अशाच अडचणीच्या काळासाठीं ठेविलेल्या दोन कोष्ठागारांचा उल्लेख आहे व वर खांबांवर उभ्या असलेल्या कोठाराचें चित्रही कोरलें आहे. आपल्याकडे पन्हाळ्याच्या अंबरखान्यांत गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. पैकीं गंगेंत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असें सांगतात, आणि तिच्या घुमटांच्या माथ्यावरही धान्य ओतण्याचीं तोंडें ठेविलीं आहेत. आज तिच्यांत उभें राहिलें म्हणजे जें भव्य पोकळ अंतराळ दिसतें तें बांधणाऱ्यास आपल्या हयातींत कधीं दिसूं नये असेंच वाटत असणार. कोठार भव्य बांधतात तें भरण्यासाठीं.

आमच्या कोठींत हें शब्दशः लिहिलेलें आहे. खांबांच्या व भिंतींच्या आंतल्या अंगास, खणाखणाशीं, गेरूच्या रेघा आहेत. धान मोजतांना मापारी पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणतो, हें वाचकांस ठाऊक असेलच. प्रत्येक कुडोस एक उभी रेघ. वीस कुडो झाले म्हणजे खंडी, व खंडीस एक वाटोळें. (कुडो हा संस्कृत ‘कुडव’ असावा. संस्कृतांत तो प्रस्थाचा चौथा हिस्सा, म्हणजे मूठ-पसाभर. झाडीपट्टींत येईपर्यंत माप बरेंच वाढलें, नांव तेंच राहिलें.) कांहीं ओळींच्या आरंभीं शक घातला आहे. आम्हांस वाचतां आलेल्यांत सर्वांत जुना शके 1815, सर्वांत अलीकडचा 1871. पुढें ओळी थांबतात. 1950 च्या कायद्यानें मालगुजारी गेली, धान कोठींत येईनासें झालें, त्यास हें जुळतें.

शके 1815 ते 1817 या ओळींत वाटोळ्यांच्या रांगा हातभर लांब आहेत. 1818 ची रांग वितीएवढी. 1821 ची ओळ उत्तर भिंतीच्या तिसऱ्या खणांत आहे. तेथें शक व्यवस्थित घातला आहे, पुढें तीन वाटोळीं, सात रेघा, आणि मग कांहीं नाहीं. इतर खणांत त्या सालाची नोंदच नाहीं. 1818 म्हणजे इ. स. 1896-97 व 1821 म्हणजे 1899-1900, हीं मध्यप्रांतांतील दोन मोठ्या दुष्काळांचीं सालें. 1891 ते 1901 या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें 7 लक्ष 43 हजारांवरून 6 लक्ष 63 हजारांवर आली, म्हणजे दर दहा माणसांमागें एकाहून अधिक उणें झालें. हे आंकडे सरकारी ग्रंथांत आहेत व आम्हीं ते अनेक वेळां वर्गांत सांगितले आहेत. ते सांगतांना आमचा आवाज कधीं थांबला नव्हता. त्या सात रेघांपुढें थांबला. आठवा कुडो आणावयास कोणी उरला नव्हता, कीं आठवा कुडो पिकलाच नव्हता, हें त्या भिंतीवरून कळत नाहीं.

घरांतील सर्वांत वृद्ध बाईंस, धन्यांच्या आजेचुलतीस, आम्हीं त्या ओळीविषयीं विचारलें. त्यांस शकाचें ज्ञान नाहीं. त्यांचा जन्मही पुष्कळ मागाहूनचा. त्या एवढेंच म्हणाल्या, ‘रिकामी कोठी पावण्यायले दाखवत नसत, गुरुजी. सासूबाई दार लोटून घेत.’

आतां पुस्तिकेचें एकोणिसावें पान. तेथें याच उत्तर भिंतीचें छायाचित्र असून खालीं ‘भिंतींवरील डाग वाळूच्या फवाऱ्यानें काढून मूळ विटांचें सौंदर्य उघड करणें’ असें लिहिलें आहे. मूळ विटांचें सौंदर्य! वीट कोणत्याही भट्टींत मिळेल. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्यें उत्खनन होऊन स्तूपाच्या वेदिकेचे खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्या अक्षरांना कोणी डाग म्हणालें असतें तर आपण सर्व संशोधक मिळून त्याच्यावर तुटून पडलों असतों. येथें दात्याऐवजीं मापारी आहे आणि छिन्नीऐवजीं गेरू आहे, एवढ्यानें लेखाचा डाग होतो काय? वास्तुशिल्पज्ञांवर आमचा राग नाहीं. त्यांनीं भिंत पाहिली, ती वाचली नाहीं. आणि वाचावयास शिकविणें हें ज्यांचें काम त्या आम्हां लोकांनीं तरी तिच्याविषयीं चार ओळी कोठें छापून ठेविल्या होत्या?

नकाशांतील दुसरा बदल असा कीं, माडीचा निम्मा भाग कापून खालून छपरापर्यंत एकच उंच दिवाणखाना करावयाचा, आणि पूर्वेच्या दारास कांच लावून त्याची खिडकी करावयाची. कांचेस आमची हरकत नाहीं. दार, तुळई व कडी आहेत तशीं ठेवावीं म्हणजे झालें. माडी कापण्यास आहे. माडी गेली म्हणजे धान ओतण्याचीं तोंडें गेलीं, व तीं गेलीं म्हणजे ही इमारत काय काम करीत होती हें सांगणारें कांहीं उरलें नाहीं. मग खालची झडप ही केवळ भोंक. शिवाय व्यवहार पाहतांही हा बदल शहाणपणाचा नाहीं. भंडाऱ्याचा वैशाख ज्यानें सोसला आहे त्यास माडीच्या फळ्या डोक्यावर असण्याचें महत्त्व सांगावयास नको. छप्पर तापतें तें माडी तापविते; खालीं अडीच फुटी भिंतींत दुपारीं निजतां येतें. उंच दिवाणखाना थंडीच्या देशांत शोभतो, आणि तेथेंही तो तापविण्यास किती पैसे पडतात हें आमच्या लंडनच्या यजमानांनीं आम्हांस सांगितलें होतें.

उलट पुस्तिकेंतील कांहीं गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. स्नानगृहें व स्वयंपाकघर मूळ इमारतीस न लावतां पश्चिमेस निराळ्या पडवींत घेतलीं आहेत, त्यामुळें जुन्या भिंतींत नळ व ओल शिरणार नाहीं. छपरावर पुन्हां कौलेंच घालावयाचीं आहेत. पत्र्याचा मोह टाळला. जोत्याभोंवतीं वाळवीचा बंदोबस्तही उत्तम सुचविला आहे. नकाशे स्वच्छ आहेत, मापें आमच्या मापांशीं बोटाबोटानें जुळतात. इतक्या काळजीनें मोजणारा मनुष्य गेरूच्या रेघा दाखवून दिल्या असतां त्या मोजल्यावांचून राहणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.

धन्यांस आम्हीं हेंच कळविलें: ‘आपण कोठींत अवश्य राहा. गोदाम म्हणून ती आतां चालणार नाहीं, आणि माणूस राहिला नाहीं तर दहा पावसाळ्यांत ती मामा तलावाच्या पाळीवरच्या पडक्या चौकीसारखी होईल. फक्त उत्तर भिंत धुवूं नका, माडी कापूं नका, आणि पुस्तिकेंतून भोसले व भांडार हे दोन शब्द काढा.’ उत्तर आलें. भोसले व भांडार गेले. माडीसंबंधीं घरांत मतभेद आहे. सूनबाईंस उंच दिवाणखाना हवा आहे, आणि राहावयाचें त्यांना आहे, आम्हांस नव्हे, हेंही खरें. उत्तर भिंतीचा तिसरा खण मात्र आहे तसा ठेवण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. इतर भिंतींचें काय, याचा निर्णय दिवाळीनंतर व्हावयाचा आहे.

तोंपर्यंत भिंतींची नक्कल करून घेण्याची परवानगी आम्हांस मिळाली आहे. पातळ कागद लावून रेघा उतरविण्याचें काम दोन तरुण शिक्षकांच्या मदतीनें चालू आहे. उत्तर भिंतीचे पांच खण व खांबांची एक ओळ पुरी झाली. दक्षिण भिंतीस ओल लागलेली असल्यामुळें तेथें प्रथम छायाचित्रें घ्यावीं लागतील. झालेल्या नकला पुढील अंकासोबत देण्याचा विचार आहे. आपल्या गांवीं अशी कोठी असून तिच्या भिंतींवर कसल्याही रेघा असतील तर वाचकांनीं चुना देण्यापूर्वीं आम्हांस एक पत्र टाकावें.